चिलखत मधल्या काळात कुठे गेले आणि परत का आले?

रंकाळाकाठ (प्रश्न)

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. शिवजयंतीच्या निमित्ताने शहरात भरलेल्या जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनाला मी आठवीच्या मुलांना घेऊन गेले होते. तेथे तलवारी, दांडपट्टे आणि ढालींच्या शेजारी लोखंडी कड्यांचे एक चिलखत मांडलेले होते, आणि संग्राहकांनी मोठ्या मनाने मुलांना ते दोन्ही हातांनी उचलून पाहू दिले. त्या वेळी एका मुलाने विचारलेल्या प्रश्नाला मी समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

त्या मुलाचे वडील सैन्यात आहेत. त्याच्या घरी पणजोबांचे पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियामधले छायाचित्र आहे आणि त्यात त्यांच्या अंगावर केवळ खाकी सदरा आणि डोक्यावर फेटा आहे. त्याचे म्हणणे असे, की शिवकाळात चिलखत होते, आज वडिलांना बुलेटप्रूफ जाकीट मिळते, तर मग मधल्या पणजोबांनाच काही का दिले नव्हते? मी सवयीने सांगून टाकले, की बंदुका आल्या आणि चिलखत निरुपयोगी ठरले. सांगत असतानाच माझ्या लक्षात आले, की हे उत्तर अपुरे आहे, कारण बंदुका शिवकाळातही होत्या, आणि आजच्या बंदुका तर त्याहून कितीतरी पटींनी प्रखर असूनही चिलखत परत आले आहे. धातूचे काम, कापडाचे काम आणि प्रत्यक्ष सैनिकी सेवा या तिन्हींची माहिती असणारी मंडळी आपल्या जिल्ह्यात आहेत. मुलाला खरे उत्तर देता यावे यासाठी कृपया सविस्तर लिहावे.

करवीर शस्त्राभ्यासक

बाई, आपण मुलाला दिलेले उत्तर चुकीचे नाही, परंतु त्यात गोष्टीचा एक तृतीयांश भागच येतो. चिलखत कशापासून वाचवत होते, ते कोण घालत होते आणि त्याचा खर्च कोण करत होता, हे तिन्ही प्रश्न एकत्र पाहिले तरच मधल्या काळाचा उलगडा होतो.

आपण पाहिलेल्या प्रकाराला जिरेबख्तर म्हणतात. फारसीत ‘झिरह’ म्हणजे कड्यांचे चिलखत. त्यातील प्रत्येक कडी साधारणपणे शेजारच्या चार कड्यांत ओवलेली असते, आणि आपल्याकडच्या अनेक नमुन्यांत एक ओळ अखंड कड्यांची, तर दुसरी टोके चपटी करून रिबिट मारलेल्या कड्यांची असते. पुन्हा प्रदर्शन भरले तर मुलांना भिंग देऊन ती रिबिटे अवश्य दाखवा, कारण अशा एका अंगरख्यात हजारो कड्या असतात आणि त्यांतील निम्म्या कारागिराने एकेक करून बंद केलेल्या असतात. हे विणकाम तलवारीची धार अंगाला लागू देत नाही, परंतु वाराचा आघात ते अडवत नाही. कातडी शाबूत राहून आतले हाड मोडू शकते. म्हणून त्याच्या आत कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा घालावा लागे. छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर चार पोलादी पत्रे बांधण्याची जी पद्धत होती तिला ‘चारआईना’ म्हणत, म्हणजे चार आरसे. जेथे मार प्राणघातक ठरतो तेथे पत्रा आणि जेथे सांधे वाकतात तेथे कड्या, ही विभागणी त्या काळच्या कारागिरांनी अनुभवातून ठरवली होती.

केवळ कापडाची चिलखतेही होती, आणि त्यांना कमी लेखू नये. कापडाचे अनेक थर दाबून शिवलेले कोट आपल्याकडे वापरात होते. प्राचीन ग्रीसमध्ये जवसाच्या झाडाच्या तंतूंपासून विणलेल्या कापडाचे (लिननचे) थर वापरत. मेक्सिकोतील अझ्टेक योद्धे कापूस भरलेले अंगरखे घालत आणि तेथे गेलेल्या स्पॅनिश शिपायांपैकी अनेकांनी आपली लोखंडी चिलखते बाजूला ठेवून तेच अंगरखे स्वीकारले, कारण त्या उष्ण हवेत ते सोसवत होते. कोरियात तर १८६० च्या दशकात बंदुकीच्या गोळीला अडवण्यासाठी सुती कापडाचे तीसपर्यंत थर शिवून जाकीट तयार केले गेले आणि १८७१ मध्ये अमेरिकी आरमाराशी झालेल्या लढाईत ते वापरलेही गेले. ते अत्यंत गरम होत असे आणि तोफगोळ्यांच्या ठिणग्यांनी पेट घेत असे. तरीही आजच्या जाकिटामागची कल्पना त्यात स्पष्ट दिसते.

आता मूळ मुद्दा. चिलखत ही व्यक्तीची मालमत्ता होती. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, हे आपण सारे जाणतो. परंतु सामान्य बारगिराच्या, म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या स्वाराच्या, अंगावर जिरेबख्तर असे, असे समजण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या घोडदळाचे बळ वेगात आणि लांब दौडीत होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कवायती पलटणी उभ्या राहिल्या (महादजी शिंद्यांकडे द बॉयनने १७८४ पासून उभारलेल्या पलटणी हे त्याचे ठळक उदाहरण) आणि शिपायाचा पोशाख व शस्त्र सरकार पुरवू लागले. दहा सरदारांना चिलखत देणे आणि दहा हजार पायदळाला देणे यांत फार मोठा फरक आहे. युरोपातही सतराव्या शतकापासून हेच घडत गेले. त्या मुलाचे पणजोबा अशाच एका मोठ्या, एकसारख्या पोशाखाच्या फौजेतले शिपाई होते.

उद्यमनगर ओतकाम

शस्त्राभ्यासक सरांनी खर्चाचा मुद्दा मांडला आहे. मी वजनाचा मांडतो, कारण माझे आयुष्य पोलाद वितळवण्यात आणि त्याला पाणी देण्यात गेले आहे.

पोलादाचा एक मिलिमीटर जाडीचा, एक चौरस मीटरचा पत्रा जवळजवळ ७.८५ किलो भरतो. माणसाची छाती आणि पाठ झाकायला ढोबळमानाने ०.४ चौरस मीटर पत्रा लागतो असे धरू. दोन मिलिमीटर जाडी घेतली तर सव्वासहा किलो होतात, आणि सहा मिलिमीटर घेतली तर पावणेएकोणीस. ज्या दिवशी गोळी अडवण्यासाठी जाडी तिप्पट करावी लागली, त्या दिवशी पायी चालणाऱ्या शिपायाचे चिलखत संपले. घोडेस्वाराचे आणखी काही काळ टिकले, कारण ओझे घोडा वाहत होता. पंधराव्या शतकातील युरोपातले डोक्यापासून पायापर्यंतचे पोलादी चिलखत २० ते २५ किलोंचे असे. ते सर्वांगावर वाटलेले असल्यामुळे अंगात घालून माणूस धावू शके, घोड्यावर चढू शके. पुढे कारागीर छातीच्या पत्र्यावर स्वतः गोळी झाडून तिचा खड्डा ग्राहकाला हमी म्हणून दाखवू लागले. म्हणजे बंदुका आल्यानंतरही दीडदोनशे वर्षे पोलाद त्यांच्याशी झगडत होते. फक्त छाती जाड करण्यासाठी आधी पायांचे, मग हातांचे पत्रे टाकून द्यावे लागले. वॉटर्लूच्या १८१५ च्या लढाईतील एका फ्रेंच घोडेस्वाराचे छातीचे पत्रे पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात आहेत आणि त्यांतून तोफेचा गोळा आरपार गेलेला आहे. तरीही फ्रेंच घोडदळातील काही पलटणी १९१४ मध्ये तसलेच पत्रे घालून युद्धावर निघाल्या होत्या.

ऑस्ट्रेलियातील नेड केली या दरोडेखोराने आणि त्याच्या साथीदारांनी नांगराच्या लोखंडी पत्र्यांपासून चिलखते घडवली होती. केलीचे ४० किलोंहून अधिक भरले. १८८० मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत छातीवरच्या गोळ्या त्याने अडवल्या आणि उघड्या पायांवर गोळ्या लागून तो पडला. मी नव्या मुलांना उष्णोपचार, म्हणजे पोलाद तापवून आणि थंड करून हवे तसे कठीण करणे, शिकवताना हे आवर्जून सांगतो, कारण पत्रा किती कठीण आहे याइतकेच तो कुठपर्यंत पोहोचतो हेही महत्त्वाचे असते.

आता परत येण्याची गोष्ट. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये माणसे मोठ्या प्रमाणात मेली ती तोफगोळ्यांच्या फुटलेल्या तुकड्यांनी. तुकडा वेडावाकडा असतो, हवेत त्याचा वेग लवकर कमी होतो, आणि बंदुकीच्या गोळीला न अडवणारा पातळ पत्रा त्याला अडवू शकतो. १९१५ मध्ये फ्रेंचांनी ॲड्रियन शिरस्त्राण आणले, त्याच वर्षी ब्रिटिशांनी ताटासारखे ब्रोडी शिरस्त्राण आणले, आणि १९१६ मध्ये जर्मनांचे पोलादी शिरस्त्राण आले. ब्रोडीसाठी पुढे मँगेनीज पोलाद वापरले गेले. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ च्या सुमारास शोधलेल्या या पोलादात साधारण १२ टक्के मँगेनीज असते आणि आघात बसेल तसतसा त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होत जातो. आपल्याकडे खडीच्या क्रशरचे जबडे ज्या पोलादाचे ओततात ते हेच. मुलांना एखाद्या फाउंड्रीत घेऊन गेलात तर झिजलेला जबडा दाखवता येईल, आणि त्यावर कानस का चालत नाही हे त्यांना हातानेच कळेल.

जर्मनांनी १९१६ पासून खंदकातील पहारेकऱ्यांसाठी नऊ-दहा किलोंचे छातीचे चिलखतही दिले होते, परंतु ते घालून पुढे धावत हल्ला करणे अवघड होते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने हल्लेखोर तुकड्यांसाठी दोन मिलिमीटर जाडीचे, साडेतीन किलोंचे छातीचे पत्रे काढले. घराघरांतून होणाऱ्या लढाईत, जेथे समोरून पिस्तुलाच्या काडतुसाच्या गोळ्या येत, तेथे ते उपयोगी पडले. तेव्हा बाई, पणजोबांच्या काळात चिलखत अगदीच नव्हते असे नाही. ते ज्याला एका जागी थांबायचे आहे त्याच्यासाठी होते, मैलोनमैल चालणाऱ्या शिपायासाठी नव्हते.

इचलकरंजी यंत्रमाग

आमच्या गावात ज्याला कापड कळते त्याला आजचे जाकीट समजावून सांगणे अवघड नाही, म्हणून हा भाग मी लिहितो.

कापड गोळीला पोलादासारखे आडवे येऊन थोपवत नाही. ते तिला पकडते आणि ओढ सर्वत्र वाटून देते. गोळी कापडावर आदळते तेव्हा ज्या ताण्याच्या आणि बाण्याच्या धाग्यांना ती भिडते ते ताणले जातात, ती ओढ धाग्यातून वेगाने दूरवर जाते, आणि जेथे जेथे ते धागे दुसऱ्या धाग्यांवरून जातात तेथे तेथे त्यांनाही कामाला लावते. शिशाची मऊ गोळी या काळात चपटी होते, तिचा घेर वाढतो आणि आणखी धागे तिच्या वाटेत येतात. एका थराने न झालेले काम पुढचा थर करतो. यासाठी धागा केवळ मजबूत असून भागत नाही, त्यातून ओढ वेगाने धावली पाहिजे. सुताला हे फार थोडे जमते, रेशमाला बऱ्यापैकी जमते. म्हणूनच १८९७ च्या सुमारास शिकागोतील कॅसिमिर झेग्लेन या धर्मगुरूंनी घट्ट विणलेल्या रेशमाचे जाकीट तयार करून त्याचे पेटंट घेतले. ते त्या काळच्या पिस्तुलाची गोळी अडवत असे, परंतु त्याची किंमत सैन्याला परवडणारी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात माल्कम ग्रो या अमेरिकी लष्करी डॉक्टरांच्या लक्षात आले, की बॉम्बफेकी विमानांतील माणसांच्या बहुतेक जखमा मंदगती तुकड्यांच्या आहेत. त्यांनी कापडात मँगेनीज पोलादाच्या पट्ट्या शिवून जाकिटे करवून घेतली, आणि ती लंडनमधील विल्किन्सन या तलवारी घडवणाऱ्या कारखान्यात तयार झाली. हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो, कारण वार करणारे पाते घडवणाऱ्या हातांनीच पुढे अंगरक्षणाचे काम केले. त्यानंतर कोरियाच्या युद्धात नायलॉनच्या अनेक थरांचे जाकीट आले, तेही तुकड्यांसाठीच.

खरा बदल १९६५ मध्ये झाला. ड्यूपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक टायरसाठी हलका आणि बळकट धागा शोधत होत्या. त्यांना एक पातळ, दुधाळ दिसणारे द्रावण मिळाले. असे द्रावण कताईयंत्राची छिद्रे बुजवील या भीतीने यंत्र चालवणारा तंत्रज्ञ प्रथम ते घालायला तयार नव्हता. त्यांनी आग्रह धरला आणि त्यातून जो धागा निघाला त्याच्याच वंशातला धागा पुढे केव्हलार म्हणून बाजारात आला. वजनास वजन धरले तर तो पोलादाच्या पाचपट ताण सोसतो. त्याचे रेणू त्या द्रावणातच एका दिशेने रांगेत उभे असतात आणि कातताना ती रांग तशीच राहते. आपण सूत कातताना तंतू जितके सरळ तितके सूत बळकट म्हणतो, तेच तत्त्व येथे रेणूंच्या पातळीवर आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सैन्याने याच धाग्याचे जाकीट आणि शिरस्त्राण स्वीकारले.

याहून हलका धागा म्हणजे विशिष्ट प्रकारच्या पॉलिथिनचा. तो पाण्यावर तरंगतो. त्याचे सहसा कापड विणत नाहीत. सर्व धागे एका दिशेने पसरून राळेने धरतात आणि पुढचा थर त्यावर काटकोनात ठेवतात, कारण विणताना धागा वरखाली वाकतो आणि ओढ धावण्यात अडथळा येतो. आयुष्यभर वीण हीच कापडाची ताकद मानणाऱ्या मला हे स्वीकारायला वेळ लागला.

धाग्यांचे शत्रूही सांगितले पाहिजेत. केव्हलार उन्हाने कमकुवत होतो आणि भिजल्यावर त्याची गोळी अडवण्याची क्षमता घटते, म्हणून त्याचे थर जलरोधक आवरणात बंद केलेले असतात. झायलॉन नावाचा एक धागा प्रयोगशाळेत केव्हलारपेक्षाही सरस ठरला होता, परंतु घाम आणि उष्णता यांनी तो वापरात असतानाच खराब होतो असे आढळल्यावर २००५ मध्ये अमेरिकेत त्याच्या जाकिटांची मान्यता काढून घेण्यात आली. आपल्या हवेत हे विसरून चालणार नाही.

उद्यमनगर ओतकाम

वरच्या उत्तराला एक जोड देतो, अन्यथा रायफलीचा प्रश्न राहून जाईल. पिस्तुलाची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने आली तर तिच्यात सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा असते. एके-४७ ची जवळजवळ तेवढ्याच वजनाची गोळी सेकंदाला ७१५ मीटर वेगाने येते आणि तिच्यात सुमारे २,००० ज्यूल असतात. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. शिवाय ही गोळी टोकदार असते आणि तिच्या पोटात बहुधा पोलादी गाभा असतो. धाग्यांना ओढ वाटून घ्यायला वेळच मिळत नाही.

तेथे सिरॅमिक, म्हणजे चिनीमातीसारखा भाजून अतिशय कठीण केलेला पदार्थ, लागते. व्हिएतनामच्या युद्धात १९६० च्या दशकात हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना बोरॉन कार्बाइड या सिरॅमिकची छातीची पाटी देण्यात आली, कारण ते बसूनच काम करत आणि ओझे आसनावर पेलले जाई. बोरॉन कार्बाइड पोलादापेक्षा पुष्कळ कठीण आणि वजनाने एक तृतीयांश आहे. गोळीचे टोक त्यावर आदळताच चुरडते, पाटीलाही शंकूच्या आकाराची भेग पडते, आणि मोडलेल्या गोळीचे तुकडे मागच्या धाग्यांच्या जाड थरात अडकतात. म्हणजे आधी मोडायचे आणि मग पकडायचे. शस्त्राभ्यासक सरांनी सांगितलेल्या चारआईन्याखालील कापसाच्या अंगरख्याचे काम आता हे धागे करतात.

आपल्या देशात हे काम थांबलेले नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने बोरॉन कार्बाइड, कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि पॉलिमर वापरून ‘भाभा कवच’ विकसित केले. बुलेटप्रूफ जाकिटांसाठी २०१८ मध्ये भारतीय मानक तयार झाले, त्याचा क्रमांक १७०५१. संरक्षण संशोधन संस्थेच्या कानपूर येथील प्रयोगशाळेने २०२४ मध्ये जी पाटी जाहीर केली तिचे वजन एका चौरस मीटरला सुमारे ४० किलो आहे. मी मुद्दाम हिशेब केला. तेवढ्या वजनात पोलादाचा पत्रा जेमतेम पाच मिलिमीटर जाडीचा होतो, आणि त्या मानकातील सर्वांत कठीण पातळीची, कवचभेदी गोळी तो अडवू शकत नाही. ही पाटी अडवते.

सैनिक टाकळीकर

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या गावात घरटी सैनिक आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून मन भरून आले. वरील सर्वांनी चिलखत कसे बनते ते सांगितले. ते अंगावर कसे वागते, तेवढे मी सांगतो.

काश्मीरमध्ये असताना आम्हाला सुरुवातीला जी जाकिटे मिळाली ती खांद्यांवर टांगलेली असत. रात्रभर नाकाबंदीवर उभे राहिल्यावर मानेपासून हाताच्या बोटांपर्यंत मुंग्या येत. त्याहून वाईट म्हणजे पोटावर झोपून नेम धरताना पुढची पाटी वर सरकून हनुवटीला लागे, मान मागे वळवली तर शिरस्त्राण पाठीच्या पाटीवर टेकून डोळ्यांवर येई, आणि नेमका नेम धरण्याच्या क्षणी समोरचे दिसत नसे. डोक्यासाठी आमच्याकडे ‘पटका’ होता. त्यात कपाळावर आणि डोक्याच्या मागे जाड पोलादी पत्रे असतात आणि माथा उघडा राहतो. सुमारे अडीच किलोंचा तो पटका एके-४७ ची गोळी अडवतो, जे त्या वेळची साधी शिरस्त्राणे करू शकत नव्हती, आणि शीख जवानांना तो पगडीसह बांधता येतो. उघडा राहणारा भाग कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेला होता, कारण सगळे डोके त्या जाडीने झाकले असते तर मान टिकली नसती.

जाकिटाने गोळी अडवली तरी माणूस लगेच उठून पुढे जातो, असे मुलांना सांगू नका. पाटीच्या मागची बाजू आत दबते आणि छातीला जबर मार बसतो. पिस्तुलाच्या गोळीसाठीच्या अमेरिकी चाचणीत जाकिटामागे ठेवलेल्या मातीत ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडला तर ते नापास होते. यावरून आत किती दाब जात असेल याचा अंदाज येईल. पाटी हृदय आणि फुप्फुसे झाकते. मांड्या, काखा, मान उघड्याच असतात. म्हणून जाकिटे आल्यापासून हातापायांतून होणारा रक्तस्राव थांबवण्याचा पट्टा प्रत्येक जवानाला स्वतःला बांधता आला पाहिजे, यावर आम्ही भर देत असू. आणि सिरॅमिकची पाटी कधीही जमिनीवर टाकायची नाही, कारण तिला आत गेलेला तडा बाहेरून दिसत नाही.

नव्या जाकिटांत कमरेला रुंद पट्टा असतो आणि भार खांद्यांवरून कमरेवर येतो. त्या मुलाच्या वडिलांना हा फरक नक्की ठाऊक असेल. त्यांना माझा नमस्कार सांगा.

रंकाळाकाठ (प्रश्न)

सुभेदारसाहेब, आपला नमस्कार पोहोचवला. सर्वांची उत्तरे छापून मी वर्गात वाचून दाखवली आणि एक तास पुरला नाही. काल संग्राहकांच्या घरी त्या मुलासह चार मुलांना घेऊन गेले होते आणि सोबत किराणा दुकानातून वजनकाटा नेला होता. चिलखत ९ किलो ४०० ग्रॅम भरले. त्या मुलाने ते अंगात घातले आणि दोन मिनिटांत खांदे दुखू लागल्याचे सांगितले.

करवीर शस्त्राभ्यासक

बाई, पुन्हा घालाल तेव्हा कमरेला शेला घट्ट बांधा आणि बांधण्यापूर्वी चिलखत थोडे वर ओढून शेल्यावर सैल पडू द्या. जुने स्वार असेच घालत. निम्मा भार कमरेवर येतो, आणि सुभेदारसाहेबांनी सांगितलेला रुंद पट्टा आज तेच काम करतो.

रंकाळाकाठ (प्रश्न)

आज शेला बांधून पाहिला. मुलगा चिलखत घालून संग्राहकांच्या अंगणात दहा मिनिटे चालला आणि नंतर वाकून त्याने आपल्या बुटाची नाडीही बांधली. त्याने हे वडिलांना आज रात्री दूरध्वनीवर सांगणार असल्याचे मला सांगितले आहे.